वही जुळली

खामल्यातल्या आमच्या इमारतीत
मला सगळे कर्नलसाहेब म्हणतात.
निवृत्त झालो लेफ्टनंट कर्नल म्हणून,
पण वरचा हुद्दा लोक असाच टाकतात पदरात,
भाजीवालीनं वरून चार काड्या सांबार टाकावा तसा.

मे. सत्तेचाळीस अंश. कूलरची मोटर घरघरते.
सचिव बोकारे घाम पुसत वर येतात:
"पार्किंगचं तुम्हीच पाहा ना साहेब,
डिसिप्लिन तुम्हालेच जमते."
एकोणतीस गाड्या, बावीस जागा.
आघाडी म्हणून वाईट नाही.

लढाई पाहिली का, विचारतात.
माझ्या वाट्याची लढाई झालीच नाही.
एका हिवाळ्यात गाड्या भरभरून सीमेवर नेलं,
आम्ही जिऱ्याच्या शेतांत सुरुंग पेरले,
तिफणीनं पेरावं तसे, ओळीनं,
एकेकाची वहीत नोंद.
पुढच्या वर्षी हुकूम आला, काढा.
मधल्या काळात वाळू सरकलेली.
वही तीच, जमीन दुसरी.
पेरले चार हजार एकशे बारा.
निघाले चार हजार एकशे अकरा.

उरलेला सॅपर दसरू उईकेला सापडला.
देवलापारचा. चहात आलं जास्त घालायचा.
कागदावर 'अपघात' लिहिलं,
युद्ध जाहीर नव्हतं म्हणून.
खाली सही माझी.
वही जुळली.

परवा एका क्लासवाल्यानं बोलावलं,
'संरक्षण दलातील करिअर'.
शाल, श्रीफळ, बंद पडलेला माइक.
पोरांनी विचारलं: सर, पॅकेज किती?
पेन्शन आहे का? कॅन्टीन बायकोलाही चालते का?
मी नीट उत्तरं दिली, आकड्यांसह.
हसण्यासारखं काय त्यात?
मी तरी कुठे देशासाठी गेलो होतो?
अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सहा जण झोपायचो,
मला फक्त एक आख्खी खाट हवी होती.
देश पुढे भेटला. तंबूत, रात्री दोन वाजता,
"साहेब, चहा" म्हणत.
हे मी तिथे बोललो नाही.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली:
"सर, तुम्ही खाली पाहत काहून चालता?
स्टेजवर येतानाही तसंच."
"पायऱ्या दिसत नाहीत गं आता," म्हणालो.
हॉल हसला. ती नाही हसली.

कधी बातम्या तापतात,
आणि ग्रुपवर बोकारे लिहितात, या वेळी सोडू नका.
खाली एकवीस अंगठे.
मी वाचतो. निळ्या खुणा उमटतात.
मग चपला घालून दूध आणायला निघतो,
पुन्हा खोदलेल्या सिमेंट रस्त्याच्या कडेनं,
उखडलेल्या गट्टूंवरून,
पुढच्या माणसाचा पाय जिथे पडला
बरोबर तिथेच पाय ठेवत.

आज पहाटे, ऊन चढायच्या आत,
पार्किंगमध्ये चुन्याच्या रेषा आखल्या. बावीस.
हात सराईत निघाला, मला वाटलं त्याहून.
बोकाऱ्यांचा नातू सुट्टीवर आलेला,
एका पायावर उभा राहून विचारतो,
"आजोबा, रेषेबाहेर पाय पडला तर आउट?"

त्या उचललेल्या पायाकडे
मी जरा जास्तच वेळ पाहिलं असावं.

"टेक रे," म्हणालो.
"इथे काही होत नाही."