चार एमएम

काच कापत नसतात.
हिऱ्याच्या कणीनं तिच्यावर एक रेघ ओढायची,
खालून पेरानं टिचकी मारायची,
मग ती आपल्या मनानं दुभंगते.
अमळनेरच्या बस स्टँडमागं
एवढ्याच कामावर माझं दुकान चाललंय.

येणाऱ्याला मी पहिलं विचारतो,
आरपार, की नुसता उजेड?
केळीचा आडत्या म्हणतो, दोन्ही.
म्हणजे त्याला वखार दिसली पाहिजे
आणि वखारीला तो दिसायला नको.
न्हाणीसाठी लोक घासी काच नेतात,
त्यांना बजावून सांगतो,
खरखरीत बाजू बाहेर ठेवा.
ती ओली झाली
की पोटात काही राखत नाही.
पटत नाही त्यांना.
मग अंगठा ओला करून काचेवर दाबतो,
तेवढ्या वाटोळ्यातून
समोरच्या रसवंतीचा चरक लख्ख दिसतो,
घुंगरांसकट.
बाकी सगळं दूध.

पुस्तकात याला तीन नावं आहेत, पोरगी पाठ करते.
पारदर्शक. अर्धपारदर्शक.
तिसऱ्याला ती भिंतीवर चापट मारते.
मी म्हणतो, आखाजीचा मांडा आठव.
आई तो दोन्ही हातांवर खेळवत वाढवते,
पीठ ताणत ताणत जातं
आणि एका घटकेला हिरव्या बांगड्या
झिरपायला लागतात त्यातून.
मग खापरावर पडला, फुगला, भाजला,
झाली भिंत.
याला कुठल्या रकान्यात घालशील?
"हातावरचा की खापरावरचा?"
बरोबर विचारते.

आरसा तर माझीच काच.
पाठीला रंग चढला
की पलीकडचं बंद,
आणि मधे आपणच उभे.

परवा सुपडू बाविस्कर आले
नातवाचा खांदा धरून.
चाळीस वर्षं गिरणीत कापड तपासलं त्यांनी.
ताका उजेडासमोर धरायचा,
विरळ जागेला खडूची खूण.
आता काचबिंदू.
माझ्या मालाचं नाव त्यांच्या डोळ्यांत.

रस्त्याकडच्या खिडकीचा पत्रा काढून
काच बसवायची होती.
मी म्हटलं, बाबा, घासी टाका,
ऊन सोसवेल, आणि तुम्हाला तसा फरक
आणि तिथंच जीभ चावली.
ते चिडले नाहीत.
दोन्ही तुकड्यांवरून बोटं फिरवली,
गुळगुळीत होता तो पुढं सरकवला.

"माले समदं धुकंच दिसस, भाऊ.
पन रस्तावरना मानूसले
मी दिसाले पाहिजे."

पुट्टी दाबली, कडा पुसल्या,
माझ्या अंगठ्याचा ठसा तेवढा कोपऱ्यात राहून गेला.

काल सायकलवरून तिकडून आलो.
खाटेवर बसले होते, धुतलेला सदरा,
तोंड रस्त्याकडं.
भाजीवाली डोक्यावरची पाटी सावरत
काहीतरी बोलून पुढं गेली.
मी हात वर केला.
मग लक्षात आलं, आणि घंटी वाजवली.

चार एमएममधून आवाज थोडा अडतो.
त्यांनी मान हलवली,
मी नव्हतो त्या बाजूला,
हसत.