एक घुंगरू मुकं आहे

दिवसभर मी माणसांच्या कानांत बघते.
कर्वे रोडला, खाली झेरॉक्सचं दुकान,
वर आमचं श्रवणयंत्रांचं.
ओघळलेल्या पाळ्या, बुजलेली भोकं,
बुगडीच्या जागी उरलेला तिळाएवढा डाग.
एकीची पाळ तर मधोमध चिरलेली.
"लेकानं ओढलं होतं, दीड वर्षाचा असताना."
लेक आता टोरांटोला असतो.
मी नुसतं "इकडे वळा" म्हणते
आणि साच्यासाठी गुलाबी लगदा भरते.

रात्री अकरानंतर मात्र
मी माझ्या कानांसाठी बाजारात जाते.
दिवा बंद, फोनचा उजेड अगदी कमी,
पलीकडे हेरंब भिंतीकडे तोंड करून झोपलेला.
दुःख म्हणावं असं काही नसतं.
पगारवाढ पुढच्या तिमाहीत ढकललेली,
किंवा कुणी "अहो, मोठ्यानं बोला की" म्हणून ओरडून गेलेलं,
किंवा नुसताच बुधवार.
मग सांगलीच्या एका मुलीनं भाजलेले मातीचे मणी,
दोनशे ऐंशीला.
पितळेची अंगठी, आठवड्यात बोट हिरवं करणारी.
(ते हिरवं मी मुद्दाम घासत नाही.)
सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात.
हिशोब कुणी मागत नाही
आणि मी विषय काढत नाही.

त्या बुधवारी झुमके दिसले.
चांदीचे, जुने, खाचांमधून काळे,
खाली विकणाऱ्याचं एक सरळ वाक्य:
डाव्यातलं एक घुंगरू मुकं आहे. म्हणून दर कमी.
मी विचारलं, कुणाचे होते?
उत्तर आलं, "वापरलेले आहेत, एवढं नक्की."
असं उत्तर एकाच गावातून येऊ शकतं.
पत्ता पाहिला: रविवार पेठ.

चालत गेले असते तर पाऊण तास.
पार्सल मात्र आधी भिवंडीला गेलं,
तिथे दीड दिवस बसलं,
मग हडपसरला मुक्काम.
दोन पेशंटांच्या मध्ये मी त्याचा ठिपका बघायची,
परगावच्या पाहुण्याची गाडी कुठवर आली बघावी तसा.
चौथ्या दिवशी बेल, ओटीपी,
चिकटपट्टीवर चिकटपट्टी,
आणि आत लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर:
टूथपेस्टने घासू नये.

माझीच भोकं अर्धी बुजलेली निघाली.
खोबरेल तेल, आरसा, दातांत ओठ.
डाव्या बाजूला रक्ताचा एक थेंब,
तोही फारसा मनापासून नाही.

दुसऱ्या दिवशी दोंदेबाई आल्या.
वय एक्याऐंशी, मुलगी बरोबर,
मुलीच्या पर्समध्ये लिहून दाखवायची वही.
यंत्र बसवलं, चालू केलं,
वाकून विचारलं, "येतंय का ऐकू?"
बाई बोलेनात.
माझ्याकडे नाही, माझ्या कानाकडे बघत राहिल्या.
"परत हलव."
मी मान हलवली.
"परत."
म्हातारपणी आधी जातात ते हेच,
वरचे, पातळ, बिनकामाचे आवाज,
ज्यांच्यासाठी कुणी डॉक्टरकडे येत नाही.
बाहेर पाच जण खोळंबलेले, फोन वाजत होता,
आणि मी खुर्चीसमोर उभी, हो-नाही, हो-नाही करत.
"डावीकडे एक कमी आहे गं," बाई म्हणाल्या.
मुलगी हप्त्यांचं विचारत होती.
मी फॉर्मवर लिहिलं: प्रतिसाद चांगला.
बाकीचं लिहायला रकाना नव्हता.

संध्याकाळी हेल्मेट घातलं तर सगळेच गप्प.
काढलं, आरशाला अडकवलं,
पुण्यात ते बरेचदा तिथेच असतं.
नळस्टॉपच्या सिग्नलला एकशे सव्वीस सेकंद.
हॉर्न, बसचा धूर, वर मेट्रोची घरघर,
त्यात मला काय ऐकू येणार?
तरी मी मान हलवत राहिले.
शेजारचा रिक्षावाला बघत होता.
त्याला वाटलं असेल,
बाई कुणाला तरी नाही म्हणतेय.