गोट

पोट्टा मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हन्ते,
"बाबा, हा बॉलर गोट आहे, गोट."
काऊन बे, शिव्या देतं त्याले?
"अजी, गोट म्हंजे आजवरचा सगळ्यात भारी!"

मी गोरेवाड्याच्या मागं बावीस शेळ्या चारतो.
भेला तो शेळी, फसला तो बकरा,
इतकंच आमचं व्याकरन.
बिबटानं नेली त पंचनाम्यात
'शेळी, नग एक.'
सायेब जीपातूनच लिहून गेला,
उंटाची कमी पडली नाही.

दिवेलागनीले लंगडी चितरी
सगळ्यायच्या मागून आली, गाभन.
कोनी पाह्यत नाही असं पाहून
तिच्या कानात म्हनलं,
"गोट."

तिनं कान झटकला
अन् माह्या शर्टाचं बटन खाल्लं.