रकाना सातवा

पवईला अकराव्या मजल्यावर एसी असा
की मे महिन्यातही शाल लागते.
फॉर्म भरतेय. रकाना सातवा,
विद्यार्थी-समाधान: ३.४.
गेल्या वर्षी ३.९ होतं.
मधले पाच दशांश कुठे सांडले
ते डीनना चार ओळींत हवंय.
करार जूनपर्यंतच आहे.

ऋत्विज केणीला नापास केलं, तिथे सांडले असतील.
तोच पुरवणीआधी तीन रविवार
मालाडहून यायचा,
माझ्या जेवणाच्या टेबलावर इंटिग्रेशन सोडवायचा,
शेवटचा ‘अधिक सी’ विसरला
की स्वतःच जीभ चावायचा.

‘इतर’मध्ये लिहिते: तीन रविवार.
मशीन म्हणतं, पुरावा जोडा.

टेबलावर त्याच्या कपाचा गोल डाग आहे अजून.
पुसायचा राहिलाय.