भुंय उगडी दवरूं नाका

अर्मिंदाबाईच्या साव्हियोने स्विंडनहून धाडली
पाच मुळं, ओल्या शेवाळात गुंडाळून
लोकरी मोज्यांच्या जोडीत लपवून.
सोबत पाकिटाचं कव्हर, त्यावर चित्र:
निळसर जांभळी फुलं, खाली पानांचा थर
इतका दाट की माती कुठे दिसूच नये.
जिरेनियम. आपलं कुंडीतलं लाल नव्हे,
हे जमिनीवर लोळतं, वर्षानुवर्षं राहतं.
कोपऱ्यात एक शब्द: हार्डी.
"म्हणजे कणखर," मी सांगितलं.
"मग शिरोड्यात चालतलें," ती म्हणाली.

मी सर्व्हे खात्यात बत्तीस वर्षं साखळी ओढली.
जमीन म्हणजे नंबर, पोटहिस्सा, बांध,
आणि बांधावरून भांडणारे दोन भाऊ.
तिला कातडी असते
हे कळलं पेन्शनीत,
नळवाल्यांनी अर्मिंदाबाईची उतरण खणून टाकली
आणि तांबडं पाणी माझ्या न्हाणीच्या दारात आलं तेव्हा.
"रोयदास, भुंय उगडी दवरूं नाका,"
असं मलाच सांगत होती ती,
जसा काही मीच खणली होती.

नोव्हेंबरात लावली, बिंबलीच्या सावलीत,
सुक्या तारल्यांचं कूट घालून.
जानेवारीत पानं आली, कातरलेली,
तिच्या वेदीवरच्या क्रोशासारखी.
तिने शेजारच्या तीन घरांना बोलावून दाखवली.
मार्चात पानांच्या कडा तपकिरी झाल्या.
मिसाला न्यायची छत्री तिने वाफ्यावर उभी केली
आणि स्वतः उन्हातून गेली चर्चला.
एप्रिलअखेर तीन मेली.

तेव्हा मी चष्मा लावून पाकीट नीट वाचलं.
कणखर होतं ते, खोटं नव्हतं लिहिलेलं,
पण बर्फापुरतं.
शून्याखाली वीस अंश सोसतं,
आणि त्यातच झोपतं चार महिने.
आपल्याकडे त्याला रात्रच नाही, अर्मिंदाबाई.
आपण त्याला जागं ठेवून मारलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, साव्हियो गोदामात रातपाळी करतो,
दिवसा पडदे ओढतो, तरी डोळा लागत नाही त्याचा.

दुसऱ्या दिवशी उरलेली दोन मुळं
तिने मार्गारिनच्या डब्यात घातली
आणि डबा फ्रीजमध्ये, भाजीच्या खणात,
वर बांगडे, बाजूला चोरीसची माळ.
वीज गेली की ती फ्रीजला हात लावू देत नसे कुणाला.
"न्हिदला तो," म्हणायची.

सांजावच्या दुसऱ्या दिवशी डबा उघडला.
एक मूळ कुजलेलं.
दुसऱ्याला बोटाच्या पेराएवढा कोंब,
पांढरा, झोपेतून उठलेल्या माणसासारखा चिडका.

तोवर उतरण झाकली गेली होती.
विहिरीकडून एकपानी आली सरपटत,
गाठीगाठीला मूळ धरत,
मध्ये मध्ये लाजाळू.
कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही.
माझा बांध ओलांडून
हातभर माझ्या हद्दीत आली आहे.
बत्तीस वर्षांत असं अतिक्रमण
मी नोंदवल्याशिवाय सोडलं नव्हतं.

रविवारी साव्हियोचा फोन येतो, चित्राचा.
ती फोन लांब धरते, उतरणीकडे वळवते:
पळय, सगळी झाकली.
तो विचारतो, माझी फुलं आली का?
"येतलीं," म्हणते.
हे खोटं नाही, मी साक्षीला आहे,
पण फोन ती फार जवळ नेत नाही.

बिंबलीखाली परातीएवढी जागा
तिने एकपानीपासून राखली आहे.
रोज सकाळी वाकून, कंबर धरून,
आत आलेल्या काड्या खुडते.
मधोमध तो कोंब, आता दोन पानांचा,
आणि भोवती तांबडी माती,
उघडीच.