नऊ वेळा

आमच्या साऊ जॉर्ज बेटावर माणसांपेक्षा गाई जास्त,
आणि दोघांनाही दुपारी बसून
गिळलेलं पुन्हा तोंडात आणायची सवय.
फरक एवढाच, गाईच्या रवंथाचं दूध होतं,
दुधाचं चीज, आणि चीज सात महिने
फळीवर निवांत पिकत राहतं.
माझ्या रवंथाचं
अजून काही झालेलं नाही.

फेब्रुवारीत आई गेली.
ज्युव्हेनाल टोरांटोहून पोचला तोवर पेटी बंद झालेली.
ओली छत्री तशीच हातात धरून म्हणाला,
"तू तर इथेच होतीस ना, देओलिंदा?"
एवढंच.
मग कॉफी प्यायला. साखर जास्त मागितली.

पहिल्यांदा चघळलं तेव्हा ते नुसतं वाक्य होतं.
दहाव्यांदा त्यातला 'तर' जड झाला.
मार्चमध्ये त्याची डावी भुवई वर गेली,
त्या दिवशी गेली होती का, देव जाणे.
एप्रिलपर्यंत त्यात माझं न झालेलं लग्न शिरलं,
विकलेली वरची कुरणं, बापाचं घड्याळ,
आणि आईचा शेवटचा मंगळवार,
जेव्हा मी खरंच इथे नव्हते,
खाली बंदरावर होते, खताची पोती उतरवत.
कोळसा उगाळावा तितका काळा, हे मलाही ठाऊक आहे.
पण उगाळणारा हात थांबत नाही,
त्याचं काय?

फादर म्हणाले, प्रार्थना कर. केली.
प्रार्थनेच्या मधोमध छत्री ठिबकायला लागली.
फ्लोरिंदा म्हणाली, रेडिओ लाव.
हवामान सांगणारा तो शांत माणूस
वायव्येचा वारा सांगता सांगता विचारायचा,
इथेच होतीस ना?
रेडिओ मी कपाटात ठेवला,
टॉवेलांच्या खाली.

मग जूनमधल्या एका रात्री
शेजारचा एवारिश्तु दार बडवू लागला.
त्याची पहिलारू गाय अडलेली,
वासराचा एक पाय मागे दुमडलेला,
डॉक्टर पलीकडच्या बेटावर, मध्ये खवळलेला समुद्र.
मी खांद्यापर्यंत हात आत घातला.
तिथे, त्या उबदार काळोखात, भाषाच नव्हती.
एक खूर होता. एक गुडघा. ओलं नाक.
कळ आली की थांबायचं,
ओसरली की बोटभर सरकायचं,
खूर तळहातात झाकून पुढे वळवायचा.
एवारिश्तु बॅटरी धरून गाईला काहीबाही सांगत होता,
बहुतेक स्वतःलाच.
वासरू पडलं. शिंकलं.
गाय त्याला चाटू लागली, जणू आम्ही तिथे नव्हतोच.
बादलीत हात धुताना माझ्या लक्षात आलं,
गेली चाळीस मिनिटं
मला भाऊ नव्हता.

लक्षात आलं म्हणजे अर्थात तो परत आला.
घराच्या वाटेवर, हायड्रेंजियाच्या कुंपणापाशी,
छत्री घेऊन उभा.
पण भुवई जागच्या जागी.
डोळ्यांत दोन विमानांची न झालेली झोप.
आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला ऐकू आलं
की त्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं.
तू इथेच होतीस ना?
म्हणजे, तू पाहिलंस ना.
म्हणजे, मला सांग.

पहाटेचे तीन. टोरांटोत रात्रीचे अकरा.
फोन केला नाही.
हातांना अजून गोठ्याचा वास आहे,
असं कारण मी मला दिलं.

आता रोज संध्याकाळी एवारिश्तुकडे जाते,
वासराला बादलीतून प्यायला शिकवते.
ते दूध सोडून माझं बोट चोखतं.
औषध वगैरे नाही हे.
महिन्याभरात त्याला बोट लागणार नाही,
आणि वाक्य तेवढंच राहील, नावासकट सहा शब्दांचं.
काल दिवसभरात ते फक्त नऊ वेळा आलं.
मोजलं, तिथेच चुकलं.
मोजताना दहावी वेळ झाली.