पासून आणि पर्यंत

उबेरलांजियात, सहाव्या मजल्यावर,
हेडसेट लावून दिवसाला नव्वद वेळा म्हणते मी,
"आम्ही सामान पोचवतो, ओयापोकेपासून शुईपर्यंत."
वाक्य माझं नाही. पडद्यावर लिहून दिलेलं असतं,
स्वल्पविरामाला श्वास घ्यायचा, हेसुद्धा.

आमच्याकडे असंच म्हणतात.
मतं मागायला आलेला म्हणतो, पाद्री म्हणतो,
माझा भाऊ म्हणतो, तुझ्यासारखी आळशी
ओयापोकेपासून शुईपर्यंत सापडायची नाही.
म्हणजे सगळीकडे. म्हणजे कुठेच.
नकाशा उघडून कोण बघतंय?
शाळेत अदाउतो मास्तरांनी उघडला होता एकदा.
म्हणाले, ओयापोके हे वरचं टोक नव्हेच,
त्याच्याही वर काबुराईचा डोंगर आहे.
आम्ही खिदळलो.
काबुराई तोंडात बसत नाही हो, सर.
देश कुठे संपतो ते डोंगराला काय विचारायचं,
ते जीभ ठरवते.

जुलैतल्या एका मंगळवारी दोना एदिलेनेचा फोन.
टेबलफॅन. पैसे भरून तीन महिने.
पिनकोड टाकला, पडदा लाल.
क्षमस्व, आपल्या भागात ही सेवा उपलब्ध नाही.
"गाव कोणतं लिहिलंय ते वाच की, पोरी."
वाचलं.
तिच्या मागे मोटरबोट धडधडत होती,
नदीपलीकडच्या फ्रान्सला जायचं म्हणून
कोणीतरी युरोत घासाघीस करत होतं.
"तुझ्या वाक्यातलं पहिलं नाव आमचं," ती म्हणाली,
"मग तुमचा ट्रक दुसऱ्या नावापासून का निघतो?"

आणि गुरुवारी शुईहून इब्तिसाम.
शिलाई मशीन, पिनकोड, लाल.
सुपरवायझर कॉफीला गेली होती.
कोणतं बटण दाबलं ते मला नीट माहीत होतं,
चुकून दाबलं असं नंतर लिहून दिलं, तरी.

आधी दोघी कंपनीला शिव्या घालत होत्या, एकाच वेळी.
मग एदिलेनेने विचारलं, तुमच्याकडे अंधार कधी पडतो?
"हल्ली पावणेसहाला."
"आमच्याकडे साडेसहाला. बाराही महिने."
इब्तिसाम म्हणाली, आमच्या रस्त्याच्या मधोमध देश संपतो,
मी दुकान झाडते आणि वारा असला
की माझा कचरा उरुग्वेत जातो.
एदिलेने इतकी हसली की तिला खोकला आला.
"मग टोकाला राहून कसं वाटतं?"
"माझे वडील याहून फार लांबून आले होते," इब्तिसाम म्हणाली,
"बोटीतून उतरले, चार वर्षं चालत विकत फिरले.
त्यांना हे टोक वाटलंच नाही कधी.
त्यांना वाटलं, आता कुठे आत आलो."

मग तिघी गप्प.
चार हजार किलोमीटर तारेत खरखरत राहिले.

"आणि पोरी, तू कुठली?"
मी म्हटलं, मधली.
"मधली म्हणजे?"
सांगता आलं नाही.
मला वाटायचं, त्या दोघी लांब आहेत.
पण त्यांची नावं तरी रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतात.
आम्ही वीस कोटी माणसं
एका 'पासून'च्या आणि एका 'पर्यंत'च्या मध्ये
बिननावाची राहतो,
वाक्य बोलणाऱ्याने श्वास घेतला तर तेवढीच जागा.

पंखा माकापाच्या गोदामात पोचलाय.
पुढचा रस्ता चिखलाचा, आणि पाऊस थांबेना.
मी रोज सकाळी आधी तो बघते, मग लॉगिन करते.
मशीनचं काय झालं कळलं नाही,
इब्तिसामने बहुधा रस्ता ओलांडून घेतलं असेल.

वाक्य अजून म्हणतेच.
फक्त 'पासून' म्हटल्यावर जरा थांबते,
पलीकडे बोट ऐकू येते का बघत.
सुपरवायझरने या महिन्याच्या शेऱ्यात लिहिलंय:
उच्चार स्पष्ट. अनावश्यक विराम.